रूथकाकूंची प्रभातफेरी

हे मी लिहावं की नाही, यातच बरेच दिवस गेले. मी लेखक नाही. कॉलेजात मी जे काही लिहिलं, ते मातीच्या आणि काँक्रीटच्या चाचण्यांचे रिपोर्ट. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील जालन्याला एका बेकरीत भट्टीवर असतात, आई अंगणवाडीत मदतनीस आहे. घरात पुस्तकं म्हणाल तर एक पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आणि एक भजनांचं पुस्तक, बस्स. शिवाय रूथकाकूंना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं ओळखणारी माणसं कॅनडातल्या कॅल्गरीत आहेत. लिहायचं तर खरं त्यांनी. पण त्यांच्यातल्याच सोनवणेकाकांना तसं सुचवलं तर ते म्हणाले, "मी गाडी चालवतो. लिहायचं तुझं तू बघ." म्हणून भीत भीत लिहितो आहे. कुठे चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

काकू पहिल्यांदा दिसल्या त्या सी-ट्रेनच्या, म्हणजे तिथल्या लोकलच्या, फलाटावर. जानेवारी महिना होता. तिथे फलाटावरच्या काचेच्या खोलीत एक बटण असतं, ते दाबलं की डोक्यावरचा हीटर थोडा वेळ लाल होतो आणि मग आपोआप विझतो. एक ठेंगणी म्हातारी बाई गुडघ्यापर्यंतचा कोट घालून ते बटण पुन्हा पुन्हा दाबत होती आणि स्वतःशीच एक भजन म्हणत होती. माझे वडील पहाटे भट्टी पेटवताना म्हणतात, तेच. मी कितीतरी दिवसांत समोरासमोर कुणाशी मराठी बोललो नव्हतो. मला कळायच्या आत मी मागून सूर धरला होता.

त्या गायच्या थांबल्या. मागे वळून म्हणाल्या, "तिसरं कडवं आधी घेतलंस."

"आमच्याकडे असंच म्हणतात," मी म्हणालो.

"आमच्याकडे म्हणजे कुठं?"

"जालना."

"अस्सं. मग चूक जालन्याची आहे, तुझी नाही. जेवलास का?"

तेवढ्यात त्यांची ट्रेन आली. त्यांनी ती जाऊ दिली. पर्समधून फॉइलमध्ये गुंडाळलेली पोळीभाजी काढली, अर्धी माझ्या हातात दिली आणि मग विचारलं, "आता सांग, कुणाचा तू?" कॅनडात आल्यापासून मला लोकांनी प्रोग्रॅम कुठला, व्हिसा कुठला, पार्टटाइम कुठे करतोस, हे सगळं विचारलं होतं. कुणाचा, हे कुणीच विचारलं नव्हतं.

काकूंचं माहेर संगमनेरकडचं. मिरजेला नर्सिंग शिकल्या आणि तरुणपणी लग्न होऊन नवऱ्याबरोबर कॅल्गरीला आल्या. शमुवेलकाका तेलाच्या कंपनीत इंजिनिअर होते, काकूंनी हॉस्पिटलात जन्मभर शिफ्ट केल्या. मी त्यांना पाहिलं तेव्हा काका जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्या मोठं घर विकून एका लहानशा घरात एकट्या राहत होत्या. एकट्या हे आपलं म्हणायचं. त्यांच्या स्वयंपाकघरात मी कधी दोनापेक्षा कमी माणसं पाहिली नाहीत. "थंडी कुणाचा धर्म विचारत नाही, सगळ्यांना सारखी चावते," असं म्हणत त्या दारात आलेल्याला आधी आत ओढायच्या आणि नाव नंतर विचारायच्या. रडत आलेल्या माणसासाठी त्यांचा एकच नियम होता: "आधी खा, मग रड. उपाशी पोटी रडलं की चक्कर येते. हे मी नर्स म्हणून सांगतेय, उपदेश नाही."

त्यांनी मला मराठी उपासनेला यायला सांगितलं. एका इंग्रजी चर्चच्या तळघरात रविवारी दुपारी ती भरायची. नगरचे, कोल्हापूरचे, मुंबईचे असे सगळे मिळून तीस-चाळीस लोक. पुण्याचं एक हिंदू जोडपं निव्वळ भजनांसाठी यायचं. लहान मुलांना मराठीत हाक मारली की ती इंग्रजीत ओ द्यायची. मी दोन-तीनदा गेलो आणि मागच्या खुर्चीवर बसून प्रार्थना संपताच निघून आलो. लोकांनी काय चाललंय म्हणून विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पहिल्या टर्मला मी दोन विषयांत नापास झालो होतो. घरी वडिलांना वाटत होतं, पोरगा इंजिनिअर होतोय. मी फोनवर "सगळं छान" म्हणायचो आणि ग्रोसरीच्या दुकानात रात्रपाळीला जाऊन डबे रचायचो. ईस्टर जवळ आला तेव्हा मी परतीच्या तिकिटाच्या किमती बघायला लागलो होतो. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेला मी गेलो नाही. रविवारीही जाणार नव्हतो.

त्या रविवारी उजाडण्याच्या सुमारास माझ्या दारावर थाप पडली. मी एका पंजाबी कुटुंबाच्या बेसमेंटमध्ये राहायचो, दार घराच्या बाजूला, चार पायऱ्या खाली. दार उघडलं तर पायऱ्यांवर, बाजूच्या बर्फात, थेट कचऱ्याच्या डब्यांपर्यंत माणसंच माणसं. कुणाच्या गळ्यात ढोलकी, कुणाच्या हातात टाळ. सगळ्यांच्या तोंडून वाफा निघत होत्या. मध्ये काकू, बोटं उघडी ठेवणारे हातमोजे घालून.

"प्रभू उठला आहे!" त्या ओरडल्या.

मला जालना आठवलं. तिथे पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, दिवशी सगळी मंडळी अशीच पहाटे गात दारोदार येते आणि हीच सलामी देते. तिला ठरलेलं उत्तर द्यायचं असतं. काकू थांबल्या. मागचे थांबले. कुणाचा तरी नातू "आजी, इट्स फ्रीझिंग," म्हणाला, त्याला कुणीतरी गप्प केलं.

"खरोखर उठला आहे," मी शेवटी म्हणालो. तसा ढोलकीवर हात पडला.

वरच्या मजल्यावरचा दिवा लागला. घरमालकीण सरदारनी धावत खाली आल्या, घाबरलेल्या. "क्या हुआ बेटा? सब ठीक है?" काकूंनी त्यांना हिंदीत काहीतरी सांगितलं. त्यांनी ओढणी डोक्यावर घेतली, हात जोडले आणि भजन संपेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. नंतर त्यांनीही एक किलोचा दह्याचा डबा आणून दिला, कारण एवढी माणसं माझ्या खोलीत नाश्त्याला घुसली होती.

ही काकूंची पद्धत मला नंतर समजली. कॅल्गरीत मराठी ख्रिस्ती लोकांची घरं एकमेकांपासून अर्धा-अर्धा तास लांब. चालत फेरी काढायची तर संध्याकाळ होईल. म्हणून काकूंची प्रभातफेरी गाड्यांतून निघायची. सोनवणेकाकांची व्हॅन पुढे, मागे चार-पाच गाड्या. प्रत्येक दारापुढे उतरायचं, एक भजन म्हणायचं, सलामी द्यायची, पुन्हा गाडीत. चहा कुठेही घ्यायचा नाही. नाश्ता फक्त शेवटच्या घरी, आणि शेवटचं घर त्या वर्षी ज्याला सगळ्यात जड गेलं त्याचं. पोहे, शिरा, थर्मास, सगळं बरोबर न्यायचं, त्याच्यावर काही टाकायचं नाही. कुणाचं घर ते काकू ठरवायच्या, आणि का ते कुणाला सांगायच्या नाहीत.

माझं घर का निवडलं, हे मी त्यांना त्याच दिवशी विचारलं. मी तर कुणालाच काही बोललो नव्हतो. माझ्या पलंगाच्या कडेवर बसून पोहे खात त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं पेशंट बघितलेत. जो 'आय ॲम फाइन' लवकर म्हणतो, त्याचा ताप आधी बघायचा." मग म्हणाल्या, "हे बघ लेकरा, शुक्रवार ज्याचा त्याचा असतो. तो कुणी वाटून घेऊ शकत नाही. पण रविवार सगळ्यांचा असतो. तो तुला एकट्याला बाहेर बसून घालवता येणार नाही. आम्ही घालवू देणार नाही."

त्या दिवशी वीसेक माणसांच्या खरकट्या प्लेट्स माझ्या खोलीत पडल्या होत्या आणि मी बऱ्याच महिन्यांनी हसत होतो. संध्याकाळी घरी फोन केला आणि वडिलांना नापासाचं सांगितलं. ते म्हणाले, "पहिली भट्टी करपतेच. पुन्हा लाव."

मी पुन्हा लावली. आणि पुढच्या ईस्टरला मी काकूंच्या फेरीत होतो, ढोलकी सांभाळायला. तिथल्या कोरड्या थंडीत ढोलकीचं कातडं ताणून फुटायची भीती असते, म्हणून ती ब्लँकेटमध्ये गुंडाळून पुढच्या सीटवर, हीटरजवळ बसायची. तिला सीटबेल्टही लावलेला असे. सोनवणेकाका तक्रार करायचे, "वहिनी, माणसांनी मागं गुडघे पोटात घेऊन बसायचं आणि ढोलकी पुढं राणीसारखी?"

"तुम्ही फुटलात तर हॉस्पिटल आहे," काकू म्हणायच्या. "ढोलकी फुटली तर नगरला पाठवावी लागेल."

आदल्या शनिवारी त्या मला घेऊन वाटेवरच्या प्रत्येक घराच्या शेजाऱ्यांकडे जाऊन आल्या होत्या. हातात करंज्यांचे पुडे. "उद्या पहाटे आम्ही इथे पाच मिनिटं गाणार आहोत, माफ करा," असं इंग्रजीत सांगायचं आणि पुडा द्यायचा. त्यामुळे पोलिसांना कुणी कधी बोलावलं नाही. उलट एका घरातल्या गोऱ्या आजोबांनी तर विचारलं, या वर्षी उशीर का झाला, करंज्या गेल्या वर्षी आधी आल्या होत्या.

त्या वर्षी मात्र एक गोंधळ झालाच. कॅल्गरीत प्रत्येक पत्त्याच्या शेवटी शहराची दिशा लावावी लागते. तोच रस्ता, तोच नंबर, वायव्येलाही असतो आणि ईशान्येलाही. सोनवणेकाकांना तीस वर्षं शहर पाठ असल्याचा अभिमान, ते फोनमधला नकाशा लावत नाहीत. त्यांनी सगळा ताफा ईशान्येच्या घरापुढे नेऊन उभा केला. आम्ही जोरात भजन म्हटलं. दार उघडलं आणि गाऊन व बर्फाचे बूट घातलेला, पांढऱ्या मिशांचा एक युक्रेनियन म्हातारा बाहेर आला. करंजी त्याला मिळालेली नव्हती. आम्ही सगळे गार.

"प्रभू उठला आहे," काकूंनी मराठीतच ठोकून दिलं आणि मग इंग्रजीत अर्थ सांगितला.

म्हाताऱ्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. मग इंग्रजीत, अगदी गंभीरपणे, "पण आमच्याकडे अजून उठायचा आहे. आमच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे ईस्टर पुढच्या रविवारी. तुम्ही एक आठवडा लवकर आलात."

"मग पुढच्या रविवारी येऊ," काकू म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर सोनवणेकाका म्हणाले, "वहिनी, तुम्ही खरंच..."

"शब्द दिलाय. आणि पत्ता तुम्हीच शोधलाय."

पुढच्या रविवारी आम्ही सहाजण खरंच गेलो. म्हाताऱ्याच्या बायकोने आम्हाला बारीक नक्षीची रंगवलेली अंडी दिली. परतताना व्हॅनमध्ये सगळ्यांनी ती ओंजळीत धरली होती आणि सोनवणेकाका आयुष्यात पहिल्यांदा इतकी हळू गाडी चालवत होते.

पण त्या ईस्टरच्या फेरीतलं जे सांगायचं आहे ते हे नाही. शेवटच्या घराच्या आधी आम्ही वायव्येकडच्या एका घरापुढे थांबलो. उतरताना सगळ्यांनी गाडीची दारं हळू लावली. नातवंडांनीसुद्धा. काकू सगळ्यांच्या पुढे, अगदी गाडीवाटेच्या टोकाशी उभ्या राहिल्या. एक भजन झालं. काकूंनी सलामी दिली. आत दिवा नव्हता, दार उघडलं नाही. काकूंनी थोडी वाट पाहिली, टाळ पिशवीत टाकले आणि म्हणाल्या, "चला, शिरा गार होतोय."

गाडीत मी त्यांच्या शेजारी होतो. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "माझा मुलगा. विनय."

शमुवेलकाका ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, हॉस्पिटलात वारले होते. आणि रविवारी पहाटे काकू फेरीला गेल्या. टाळ वाजवत, गात. विनय तेव्हा त्यांच्या घरी होता. त्या परत आल्या तेव्हा तो दारात उभा होता. म्हणाला, बाबांना जाऊन एक दिवस झाला नाही आणि तू रस्त्यावर गातेस? अंत्यविधीनंतर तो गेला तो त्यांच्याकडे पुन्हा आला नाही. एकाच शहरात राहून फोन नाही, भेट नाही.

"काकांनीच सांगितलं असेल ना, फेरी चुकवू नको म्हणून?" मी म्हणालो. मला काहीतरी बरं बोलायचं होतं.

"सगळे तसंच म्हणतात. तसं काही नाही. माझं मी ठरवलं. घरात बसले असते तर भिंतीवर डोकं आपटलं असतं. त्या सकाळी गायले नसते तर नंतर मला कधी गाता आलं नसतं."

"मग तुमचं बरोबरच होतं की."

"माझं बरोबर होतं. त्याचंही बरोबर होतं." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "त्या सकाळी त्याला आई हवी होती, आणि आई रस्त्यावर गात होती. दोन्ही खरं आहे. मी रोज प्रार्थनेत विचारते, यातलं कुठलं धरू. उत्तर येत नाही. म्हणून दरवर्षी त्याच्या दारात जाते."

पुढून सोनवणेकाका म्हणाले, "वहिनी, मी मागंच म्हणालो होतो. त्याला त्रास होत असेल. निदान एखादं वर्ष सोडून बघा."

"एकच भजन म्हणते. दुसरं म्हणत नाही, दुसरं म्हटलं तर जुलूम होईल. त्याने एकदा नको म्हणावं, मी थांबेन. त्याने अजून नको म्हटलेलं नाही."

त्यानंतर माझ्याही प्रार्थनेत विनय आला. त्याला मी पाहिलेलं नव्हतं, तरी. डिप्लोमा पूर्ण झाला तेव्हा काकूंनी माझ्यासाठी साखरभात केला आणि माझ्या वडिलांशी व्हिडिओ कॉलवर जालन्यातल्या त्या तिसऱ्या कडव्यावरून खरोखर वाद घातला. वडील मागे हटले नाहीत. काकूही नाहीत. शेवटी दोघांनी ते भजन दोन्ही प्रकारे म्हटलं.

मला नोकरी मिळाली ती माँट्रियालजवळ ब्रॉसार्डला. निघताना काकू म्हणाल्या, "तिथं मराठी मंडळी नसली तर काय करशील?" मी म्हणालो, "फलाटावर गाईन." त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. इथे मला एक फ्रेंच बोलणारं छोटं चर्च सापडलं आहे. हैतीची, काँगोची माणसं आहेत. प्रवचनातलं निम्मं कळत नाही. पण ती माणसंही गाताना टाळ्या वाजवतात, आणि मी आता मागच्या खुर्चीवर बसत नाही.

या वर्षी मार्चमध्ये काकू घरासमोरच्या बर्फावर घसरल्या. पाय प्लास्टरमध्ये. तरी फोनवर म्हणत होत्या, "व्हीलचेअर व्हॅनमध्ये बसते की. ढोलकीला मागं पाठवू." पण शनिवारी कॅल्गरीत हिमवादळ आलं. रात्र होईपर्यंत सगळे रस्ते बंद झाले. सोनवणेकाकांनी सगळ्यांना मेसेज केला, प्रभातफेरी रद्द, सकाळी झूमवर भजनं. काकूंचा मला लगेच फोन. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज असा ऐकला नव्हता. "झूमवर कसली फेरी? फेरी म्हणजे फिरायचं असतं." मग हळूच म्हणाल्या, "अमोल, त्याला वाटेल मी सोडून दिलं." आपण प्रार्थना करू, एवढंच म्हणालो.

रविवारी मी चर्चला जाण्याआधी त्यांना फोन लावला. उचलला नाही. झूमवरही त्या नव्हत्या. चर्चमधून परत येताना पुन्हा लावला, बसमधून उतरल्यावर पुन्हा. सोनवणेकाका म्हणाले, "माझाही उचलत नाहीयेत. रस्ता साफ झाला की मी जाऊन बघतो." एकटी बाई, पाय मोडलेला. माझं जेवणात लक्ष लागेना.

दुपारी फोन आला. काकूच होत्या, पण अगदी कुजबुजत बोलत होत्या.

"काकू, बरं आहे ना? किती फोन केले मी!"

"हळू बोल. विनय आलाय."

मी खुर्चीवर बसलो.

"सकाळी दारावर थापा. मला वाटलं बर्फ काढायला कुणी आलं. चाकांची खुर्ची ढकलत दारापर्यंत जायला मला किती वेळ लागला! उघडलं तर हा. गाडी मोठ्या रस्त्यावर सोडून चालत आलेला, कंबरेपर्यंत बर्फ, पायजम्यावर कोट. आणि चिडलेला रे. म्हणाला, 'आई, यू डिडंट कम. मी पाचपासून खिडकीत उभा आहे.' दरवर्षी उभा असतो म्हणे. दिवा न लावता."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, बर्फ होता रे. मग त्यानं आधी माझी पायवाट साफ केली. मग शेजाऱ्यांची केली. मला वाटतं त्याला आत यायला धीर होत नव्हता. मी दारातच बसून होते, फोन आत वाजत राहिला. आत्ता आलाय. किचनमध्ये आहे, चहा करतोय."

मागे डब्यांचा आवाज येत होता. झाकण काढल्याचा, लावल्याचा, पुन्हा दुसरं काढल्याचा.

"ह्या घरात तो कधी आलेला नाही ना," काकू म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. "साखर कुठे असते ते त्याला माहीत नाही. सगळे डबे उघडून बघतोय. मी सांगत नाहीये. बघू दे सगळे."